डाव्या पायाची शिस्त
(मंडळाच्या वर्धापनदिनी डहाणू येथे केलेले भाषण)



 या व्यासपीठावरून आजवर बालसंगोपन, आहार, बचत, आरोग्य अशा विषयांवर विदुषींनी विचार मांडले आहेत. मी काही विदुषी नव्हे. आमचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे आणि गेली वीस वर्षे त्याचे हिशेब मी लिहीत आले आहे. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुमच्या रोजच्या अनुभवातले काही सांगा." तेव्हा ज्या दुरुस्तीच्या बिलावरून घरोघरी सर्वांत अधिक वाद होताना मी पाहिले, तीच मी विषय म्हणून निवडली. ती म्हणजे मोटारीच्या क्लचची दुरुस्ती.

विषय ऐकून काहीजणींना हसू आले असेल. वर्धापनदिनाला क्लच कशाला, असेही वाटले असेल. पण आपल्या मुलखाकडे जरा पाहा. डहाणूला रेल्वे आहे. २०१३ सालापासून चर्चगेटची लोकलसुद्धा डहाणू रोडपर्यंत येते. परंतु तलासरी गावाला रेल्वे नाही. उधवा, सायवन, झरी, कासा या बाजूंना राहणाऱ्यांना एस.टी. चुकली म्हणजे सारा दिवस चुकला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तशी आपली जिल्ह्याची कचेरी ठाण्याहून पालघरला आली खरी. पण पाड्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे अंतर त्याने कमी झाले नाही. आश्रमशाळेवर जाणाऱ्या शिक्षिका, उपकेंद्रावर जाणाऱ्या परिचारिका, चिकूच्या वाड्या सांभाळणाऱ्या आणि चिकूचे पदार्थ करून विकणाऱ्या भगिनी, यांतील कितीतरी जणी आज स्वतः गाडी चालवितात. रात्री एखादीला कळा सुरू झाल्या आणि कासा किंवा डहाणूचे रुग्णालय गाठावयाचे झाले, तर अंगणात उभी असलेली गाडी आणि ती चालविणारे माणूस, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. ते माणूस नेहमी पुरुषच असेल, असे नाही.

आणि नेमक्या याच गाडीची किल्ली बाईच्या हातून काढून घेण्याचे निमित्त पुष्कळदा क्लच हेच असते. "बाईच्या हाती गाडी दिली, क्लच जळला," हे वाक्य मी गॅरेजच्या टेबलाशी बसून किती वेळा ऐकले आहे, त्याची मोजदाद नाही. म्हणून आज मला एवढेच सांगावयाचे आहे की, क्लच बाईमुळे जळत नाही आणि पुरुषामुळे टिकत नाही. तो सवयीमुळे जळतो. सवय कळली म्हणजे ती सुधारता येते, आणि मग किल्ली मागणाऱ्याला उत्तर देता येते.

प्रथम क्लच म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगते. इंजिन चालू असेतो त्याच्या टोकाला असलेले एक जड लोखंडी चाक सतत फिरत असते. गाडीची चाके मात्र कधी थांबलेली, कधी फिरती असतात. फिरत्या इंजिनाची थांबलेल्या चाकांशी एकदम गाठ घातली, तर गाडी धक्का खाऊन बंद पडेल. म्हणून मध्ये एक तबकडी ठेवलेली असते. तिलाच आपण क्लचप्लेट म्हणतो. दोन तवे समोरासमोर धरले आहेत आणि त्यांच्यामध्ये एक भाकरी दाबून धरली आहे, अशी कल्पना करा. दाब असला म्हणजे तिन्ही बरोबर फिरतील. दाब काढला म्हणजे भाकरी मोकळी होईल. हा दाब मजबूत स्प्रिंगचा असतो. आपण डाव्या पायाने पेडल दाबतो, तेव्हा तो दाब निघतो आणि इंजिन व चाके यांची ताटातूट होते. पाय सोडला की पुन्हा जोडणी.

आता या दोन अवस्थांच्या मधली एक अवस्था आहे. पाय अर्धा वर, अर्धा खाली. तबकडी धड सुटलेली नाही, धड धरलेली नाही, ती घासते आहे. आमचे कारागीर तिला हाफ क्लच म्हणतात. थंडीत आपण तळहात एकमेकांवर घासतो तेव्हा ते गरम होतात ना? तेच येथे होते. मात्र तळहातांच्या जागी हजार किलोची गाडी असते. गाडी जागेवरून हलविताना या अवस्थेतून जावेच लागते, त्याला इलाज नाही. पण तो उंबरठा आहे. तो ओलांडावयाचा असतो. त्यावर बसून राहावयाचे नसते. क्लच जाळणाऱ्या बहुतेक सवयी म्हणजे या उंबरठ्यावर बसून राहण्याच्याच निरनिराळ्या तऱ्हा आहेत.

पहिली सवय म्हणजे पेडलवर पाय ठेवून गाडी चालविणे. गिअर बदलून झाला, गाडी सरळ रस्त्यावर धावू लागली, तरी डावा पाय पेडलवरच विसावलेला असतो. "मी काही दाबत नाही, नुसता ठेवला आहे," असे प्रत्येकजण सांगतो. पण पायाला वजन असते. त्या वजनाने पेडलला जोडलेले बेअरिंग विनाकारण फिरत व झिजत राहते, आणि दाब थोडासा जरी उणा झाला, तरी चढावर तबकडी घसरू लागते. यावर उपाय अगदी सोपा आहे. बहुतेक गाड्यांत पेडलच्या डाव्या बाजूला पाय टेकण्याची जागा केलेली असते. ती नसली तर तळाची जमीन आहेच. गिअर पडला की पाय तेथे गेला पाहिजे. भाजी परतून झाली की उलथणे बाजूला ठेवतो, तसा.

दुसरी सवय चढावरची. ही सर्वांत महागात पडते. गाडी चढावर थांबली आहे, पुढची गाडी हललेली नाही, आणि आपण ब्रेक न लावता क्लच अर्धा सोडून व अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवतो. पाहणाऱ्याला मोठे कौशल्य वाटते. प्रत्यक्षात गाडीचे सारे वजन त्या वेळी घासणाऱ्या तबकडीवर तोललेले असते. मिनिटाभरात करपल्यासारखा वास येतो. तो वास पुढच्या ट्रकचा आहे, अशी समजूत करून घेऊ नका. आपल्याच गाडीचा असतो.

भगिनींनो, चढावर गाडी कशी सुरू करावी, हे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील पंधराव्या नियमात परवान्याच्या परीक्षेत काय काय पाहावे, त्याची यादी आहे. त्यात, चढावर गाडी थांबवून, हँडब्रेकचा नीट उपयोग करून किंवा अ‍ॅक्सिलरेटर आणि पायाचा ब्रेक सांभाळून, ती मागे न घसरता पुन्हा सुरू करता आली पाहिजे, असे म्हटले आहे. उतारावर चटकन खालचा गिअर टाकता आला पाहिजे, असेही त्याच यादीत आहे. या दोन गोष्टी आपल्यापैकी किती जणींना शिकविणाऱ्याने करून दाखविल्या, ते आपापल्या मनाशी आठवून पाहा.

कृती अशी. गाडी थांबताच हँडब्रेक ओढावा आणि गिअर न्यूट्रलमध्ये आणून डावा पाय मोकळा करावा. निघावयाचे झाले की क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून क्लच हळूहळू वर येऊ द्यावा. एका क्षणी इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडीचे नाक जरासे उचलल्यासारखे वाटते. तबकडीने पकड घेतल्याची ती खूण होय. मग हँडब्रेक सोडावा; गाडी पुढेच जाईल. ती चालू लागताच क्लच पूर्ण सोडून पाय बाजूला घ्यावा. साऱ्याला चार-पाच सेकंद लागतात. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवील. वाजवू द्यावा. त्याच्या भोंग्याने आपली तबकडी झिजत नाही. आपल्या घाईने झिजते.

तिसरी सवय रांगेतली. महामार्ग क्रमांक ४८, ज्याला आपण पूर्वीच्या क्रमांकाने आठ नंबर म्हणत असू, त्यावर वाहने तुंबली म्हणजे काय होते, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा चारोटीच्या आसपास गाड्या हाताहाताने पुढे सरकतात. पुढची गाडी दोन हात हलली की आपणही दोन हात हलतो, पुन्हा थांबतो, आणि या सगळ्या वेळात पेडल अर्धे दाबलेले असते. त्याऐवजी पुढे एका गाडीइतकी जागा मोकळी होऊ द्यावी. मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी आपल्या संथ चालीने जाऊ द्यावी. मध्ये कोणी घुसले, तर घुसो. देवीच्या दारी पाच मिनिटे उशिरा पोहोचल्याने पुण्य कमी होत नाही. जेथे अजून रेल्वेचे फाटक आहे, तेथे ते बंद दिसले की गाडी न्यूट्रलमध्ये आणून हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावे आणि दोन्ही पाय मोकळे करावेत. गिअर टाकून, क्लच दाबून गाडी येण्याची वाट पाहणे म्हणजे गुडघ्याला आणि बेअरिंगला एकाच वेळी शिक्षा आहे.

चौथी सवय उतारावरची. हिच्यात पैशांचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे. आपला किनारा सपाट आहे. परंतु चारोटी-कासा ओलांडून जव्हारकडे निघालात की डोंगर सुरू होतो. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच आहे. येताना तेवढेच उतरावे लागते. उतार लागला की क्लच दाबून किंवा गाडी न्यूट्रल करून सोडून द्यावयाची, म्हणजे पेट्रोल वाचते, अशी समजूत अजूनही आढळते. ती जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळातली आहे. आजच्या गाड्यांत, गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला जाणारे इंधन आपोआप तोडले जाते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे बचतीचा हिशेबही उलटाच आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की, गिअर असला म्हणजे इंजिन गाडीला मागे ओढून धरते. ते सोडून दिले की सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात, आणि फार तापले म्हणजे पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. आणि अरुंद घाटात समोरून कोणी चढून येत असेल, तर उतरणाऱ्याने थांबून त्याला वाट द्यावी; चढावर थांबून पुन्हा निघणे किती अवघड, ते आपण आत्ताच पाहिले.

गाडी थांबवितानाही हेच ध्यानात ठेवावे. आधी ब्रेक, मग क्लच. वेग पुरेसा कमी झाला, इंजिन आता गुदमरेल असे वाटले की क्लच दाबावा. अचानक कोणी आडवे आले तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोन्ही पाय एकदम दाबावेत.

आता या सवयी लागतात कशा, ते सांगते. माझ्या मते त्यांचे मूळ भीतीत आहे. गाडी बंद पडेल, लोक हसतील, मागचा ओरडेल, या भीतीने पाय पेडल सोडीत नाही. त्यात शिकवणीच्या गाडीची रचना भर घालते. त्या गाडीत शिकविणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. ते असलेच पाहिजेत, सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहेत. पण पुष्कळदा होते असे की, शिकणारी सुकाणू धरून बसते आणि क्लच सारा वेळ शेजारचा पाय चालवितो. महिन्याभराने परवाना हाती येतो. डावा पाय मात्र कोराच राहतो. म्हणून शिकणाऱ्या मुलींनी शिक्षकांना पहिल्या आठवड्यातच नम्रपणे सांगावे, "सर, मोकळ्या मैदानात तुमचा पाय काढून घ्या. गाडी बंद पडली तर पडू द्या." इंजिन बंद पडल्याने गाडीचे काही बिघडत नाही. किल्ली फिरविली की ते पुन्हा सुरू होते. मुलगी मात्र त्या दहा वेळा बंद पडण्यातूनच शिकते.

येथे एका भगिनीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. नाव सांगत नाही. घोलवडच्या बाजूची ही सून घरच्या वाडीतल्या चिकूचे काप सुकवून, पाकिटे करून, महामार्गावरच्या दुकानांत स्वतः गाडीने नेऊन देत असे. एके दिवशी चढावर गाडी हलेना. इंजिन ओरडते आहे, गाडी जागची हलत नाही. ओढून आमच्याकडे आणली. तबकडी पार काळी पडलेली होती. तबकडी स्वतः फारशी महाग नसते. पण ती बदलण्यासाठी गिअरपेटी खाली उतरवावी लागते, त्यात दिवस जातो आणि मजुरी वाढते. बिल पाहताच सासऱ्यांनी निकाल दिला, "आजपासून सूनबाईने गाडीला हात लावावयाचा नाही."

आमचे वस्ताद फार बोलणारे नाहीत. दुरुस्ती झाल्यावर गाडी तपासून पाहण्यासाठी तिचे यजमान चालवावयास बसले आणि वस्ताद शेजारी. मैलभर गेल्यावर वस्तादांनी एवढेच विचारले, "दादा, तुमचा डावा पाय आत्ता कोठे आहे?" तो पेडलवर होता. बोर्डीच्या सरळ रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, मुक्कामाला आल्यासारखा तेथे विसावला होता. गाडी दिवसा सून चालवीत असे आणि संध्याकाळी मुलगा. त्या जळलेल्या तबकडीवर कोणाचे नाव होते, ते कोण सांगणार? यजमान भला माणूस. घरी जाऊन त्यांनी ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने वडिलांना सांगितली. तरीही किल्ली तिच्या हाती परत यावयास दोन महिने लागले. तेवढ्यात दुकानदारांनी दुसऱ्याकडून माल घेण्यास सुरुवात केली होती. त्यांतले निम्मे आज परत जोडले गेले आहेत, निम्मे गेले ते गेलेच. क्लचप्लेटच्या बिलात हे नुकसान मला कोठेही लिहिता आले नाही.

म्हणून दोष कोणाचा यावर घरात वाद घालण्यापेक्षा, गाडी काय सांगते ते आधीच ऐकावयास शिकावे. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही; गिअर टाकताना करकर होते; पेडल पूर्वीपेक्षा जड किंवा अगदी वरच्या टोकाला पकड घेणारे लागते. या खुणा दिसल्या की गाडी दाखवून घ्यावी. घरच्या घरी एक परीक्षाही करता येते. सपाट मोकळ्या जागी, पुढेमागे कोणी नाही असे पाहून, हँडब्रेक घट्ट ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर तबकडी धडधाकट आहे. चालूच राहिले तर ती घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केली तर परीक्षेनेच तबकडी झिजेल.

बसण्याविषयीही दोन शब्द. आपल्यापैकी पुष्कळजणी उंचीने बेताच्या आहेत. गाडी बहुधा घरातल्या उंच माणसाच्या मापाने लावलेली असते आणि मागे सरकविलेली बैठक पुढे घेण्याचा आपल्याला संकोच वाटतो. मग पेडल पूर्ण दाबले जात नाही, अर्ध्यावर गिअर ओढला जातो आणि पेटीतून आवाज येतो. पेडल तळाला टेकल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी बैठक पुढे घ्यावी. सुटणारी चप्पल पायांत घालू नये. ती पेडलखाली अडकते. साडी असेल तर निऱ्या नीट आवरून बसावे. पावसाळ्यात पाड्याच्या वाटेवर चिखलात चाक रुतले, तर हाफ क्लचवर इंजिन गरगरवू नये. खाली उतरून चाकापुढे दगड, फांद्या घालाव्यात आणि चार हातांची मदत घ्यावी.

आता क्लचचे पेडल नसलेल्या गाड्याही आल्या आहेत, मग हे सारे कशाला, असे कोणी विचारील. विजेवरच्या गाडीला खरोखरच हा त्रास नाही. पण कमी किमतीच्या अनेक आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत आत तीच तबकडी असते. फक्त पायाऐवजी यंत्र ती हलविते. अशी गाडी चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवली, तर तिचीही तबकडी तितकीच जळते.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. एस.टी.ची पहिली गाडी १९४८ साली धावली, आणि त्या गाड्यांच्या सुकाणूवर बाया बसलेल्या दिसावयास २०२३ साल उजाडावे लागले. आपण इतकी वाट पाहण्याचे कारण नाही. परवाना असूनही गाडी घरी उभी ठेवणाऱ्या आपल्या सभासद भगिनी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी मंडळाने महिन्यातून एका रविवारी सकाळी, रहदारी नसलेल्या एखाद्या चढाच्या रस्त्यावर, अनुभवी भगिनींना शेजारी बसवून सराव ठेवावा. विषय एकच: चढावर थांबणे आणि हँडब्रेक लावून पुन्हा निघणे. आमच्या गॅरेजातील एक जुनी, जळलेली तबकडी आणि एक नवी, अशा दोन्ही मी त्या दिवशी पाहावयास आणून ठेवीन. हातात घेऊन पाहिली म्हणजे पाय आपोआप शहाणा होतो.